निळी नळी आणि काळा पडदा

समारंभाच्या अध्यक्षा आणि विभागप्रमुख मॅडम. व्यासपीठावर बसलेले आदरणीय प्रमुख पाहुणे, ज्यांना आमच्या घरात इतकी वर्षं ‘पडदेवाले सर’ म्हणतात (सर, हे नाव आज पहिल्यांदाच तुमच्या कानावर जातंय, रागावू नका, खुलासा ओघात येईलच). आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आज निवृत्त होणाऱ्या तुमच्या मॅडम आणि आमच्या ह्या. सगळे प्राध्यापक, काचकाम आणि यंत्रशाळा सांभाळणारे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, पशुवैद्यक केंद्रातून मुद्दाम आलेले डॉक्टर, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सगळे श्रोते.

मी शिंपी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणाची निराशा नको. माझ्या आधी जे बोलले ते सगळे मोठे विद्वान, त्यांनी मॅडमच्या शोधनिबंधांबद्दल सांगितलं, आणि त्यातलं मला जेवढं समजलं तेवढ्यावर मी टाळ्या वाजवल्या. संयोजकांनी मला पाच मिनिटं दिलीत. पाच मिनिटांत मी साधी बाहीसुद्धा लावत नाही, त्यामुळे वेळेचं काय ते अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

तुम्हाला सगळ्यांना काय ऐकायचंय ते मला ठाऊक आहे. आज सकाळी मॅडम, पडदेवाले सर आणि मी, असे तिघं अंधारखोलीत गेलो होतो. त्या नळीचं काय झालं, ती निळी राहिली की विझली, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिथंच ठरलं की समारंभात सांगायचं, आणि सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी सांगणार आहे. पण मापं घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, तेव्हा जरा धीर धरा. शिवाय इथे काही नातेवाईक मंडळी आहेत, ज्यांना ‘नळी’ म्हटल्यावर पाण्याची नळीच आठवते. त्यांच्यासाठी आधी थोडं विज्ञान सांगतो. चुकलं तर मॅडम मान हलवतीलच. बघा, आत्तापासूनच हलवायला लागल्या.

तर एक मिठासारखा क्षार घ्यायचा, तो पाण्यात भरपूर विरघळवायचा आणि ते पाणी बोटाएवढ्या पारदर्शक नळीत भरायचं. नुसतं पाणी चालत नाही. नुसतं पाणी गोठवलं की त्याचा बर्फ होतो, सगळे कण रांगेत उभे राहतात, कुठे फट म्हणून राहत नाही. क्षार भरपूर असेल आणि ते पाणी एकदम, अगदी झटक्यात, भयंकर थंड केलं तर कणांना रांग लावायला सवडच मिळत नाही. जो जिथे आहे तो तिथेच अडकतो. मग जे तयार होतं त्याला हे लोक काच म्हणतात. दिसायला काचेसारखंच असतं, स्वच्छ आणि आरपार. त्याला थंड ठेवण्यासाठी द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचं, एका मोठ्या थर्मासात. आणि मग त्या काचेवर किरणांचा मारा करायचा.

किरणांनी काय होतं, तर कणांमधले इलेक्ट्रॉन सुटतात. घरातून हाकलल्यासारखे थोडे भटकतात आणि जिथे लहानसा खड्डा मिळेल तिथे पडतात. आता मला सगळ्यात आवडणारा भाग. तो खड्ड्यात पडला की आजूबाजूचे पाण्याचे कण त्याच्याकडे तोंड वळवतात. थंडीत जेवढं हलता येईल तेवढं हलून त्याला नीट बसायला जागा करून देतात, आणि तो खड्डा आणखी खोल होतो. असे असंख्य इलेक्ट्रॉन आपापल्या खड्ड्यात बसले, की ती पारदर्शक काच निळी होते. कुठलाही रंग न घालता.

हा निळा मोठा नाजूक आहे. काच थोडी गरम झाली की इलेक्ट्रॉन उठून चालते होतात. त्यावर उजेड पडला तरी ते खड्ड्यातून उडी मारून बाहेर पडतात, आणि निळा गेला. म्हणजे गंमत अशी, की तो रंग बघायला उजेड हवा, आणि उजेडानं तो रंग जातो. जितका वेळ बघाल तितका खर्च होईल. म्हणून हे सगळं काम काळ्या पडद्याआड, अंधारात. आणि इथे मी येतो.

मॅडम तेव्हा मॅडम नव्हत्या. हंगामी नोकरीवर होत्या आणि पदवीसाठी संशोधन करत होत्या. पदवी मिळाली तर नोकरी कायम, नाही तर घरचा रस्ता. एक दिवस दुपारी दुकानात आल्या, काउंटरवर एक जुना पडदा आपटला आणि म्हणाल्या, हा गळतो. मी म्हटलं, पाऊस येतो का आत? त्या हसल्या नाहीत. अजूनही त्या विनोदाला हसलेल्या नाहीत. म्हणाल्या, उजेड गळतो. जोडावर सुई गेली की भोक पडतं, ते तुम्हाला दिसत नाही, माझ्या काचेला दिसतं. मला असा पडदा हवा, की ज्याच्या शिवणीतून काहीसुद्धा जाणार नाही.

मी तोपर्यंत लग्नाचे कोट शिवले होते, गणवेश शिवले होते. शिवण दिसायला सुबक असावी एवढंच मला माहीत. मी एक नमुना शिवून दाखवला. त्यांनी तो दिव्यासमोर धरला आणि परत दिला. दुसरा दिला, तोही परत आला. शेवटी मीच चिडलो, म्हटलं बाई, तुम्हाला पडदा हवाय की भिंत? तेव्हा त्यांनी स्टुलावर बसून मला नीट समजावलं की एका थराच्या शिवणीसमोर दुसऱ्या थराची शिवण येताच कामा नये. मग मी तीन थर घेतले, प्रत्येक जोड दुहेरी दुमडून आत लपवला, आणि प्रत्येक थराची शिवण दुसऱ्यापासून वीतभर सरकवली. मशीन बाजूला ठेवून कडा हातानं टाचल्या. पडदा घडी घालून त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं, कशी वाटते शिवण? तर म्हणाल्या, “उजेडात सगळ्याच शिवणी चांगल्या दिसतात. अंधारात सांगीन.”

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. मी तरी अजून विसरलेलो नाही.

पडदा लागला, काम सुरू झालं आणि एक विचित्र गोष्ट घडायला लागली. थंडी पुरेशी होती, अंधार होता, काचेला कुणी हात लावत नव्हतं, तरी निळा हळूहळू फिका होत होता. खड्ड्यात बसलेला इलेक्ट्रॉन उजेडाशिवाय आणि उष्णतेशिवाय जाईल कसा? खड्ड्याची भिंत चढून यायला लागणारी ताकद त्याच्यात नाही. सगळे म्हणाले, सोपं आहे, पडदा गळतोय.

मॅडम म्हणाल्या, नाही. त्यांचं म्हणणं असं, की इलेक्ट्रॉन भिंत चढत नाही आणि फोडतही नाही, तो भिंतीतून पलीकडे जातो. हे मला आजही पूर्ण पटलेलं नाही, पण इथे बसलेल्या सगळ्यांना पटलंय म्हणजे खरं असणार. पलीकडे त्याला सामावून घेणारी एखादी जागा जवळ असली तर तो लवकर जातो, लांब असली तर फार उशिरा. म्हणून आधी जवळचे जातात, मग लांबचे, आणि जाण्याचा वेग मंदावत राहतो. पहिल्या दिवसात जेवढा रंग जातो, तेवढाच पुढचे दहा दिवस मिळून जातो, आणि पुन्हा तेवढाच जायला पुढचे शंभर दिवस लागतात. पडदा गळत असता तर गोष्ट वेगळी असती. उजेड जवळचा-लांबचा बघत नाही. तो येत राहिला असता आणि शेवटी सगळ्यांना घेऊन गेला असता.

त्यांच्या मार्गदर्शकांनी, फार सज्जन माणूस होता, समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. म्हणाले, एक ओळ लिहून टाक, ‘अंधारखोलीत किंचित प्रकाश येत असावा’, म्हणजे परीक्षक खूश, पदवी हातात, नोकरी पक्की. एका ओळीनं कुणाचं काय जातं? दुसरं कुणी असतं तर लिहिली असती. मी स्वतः लिहिली असती. ह्या बाई तिथून उठल्या आणि थेट माझ्या दुकानात आल्या. मला म्हणाल्या, चला, तुमचा पडदा बघायला.

आम्ही दोघं त्या खोलीत गेलो. दार उघडंच ठेवून पडदा ओढला, बाहेरचे सगळे दिवे लावायला सांगितले. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबावं लागतं म्हणाल्या. थांबलो. लग्न न झालेली दोन माणसं एका खोलीत, पूर्ण अंधारात, आणि दोघांचंही सगळं लक्ष पडद्यावर. आमच्या आईला हे सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. मी वरून खालपर्यंत एक-एक जोड डोळ्यांनी शोधत होतो. आता प्रश्न माझ्या शिवणीचा होता. एका टाक्यातून जरी उजेड आला तर ह्या बाईंची नोकरी माझ्यामुळे जाणार होती. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, मला काही दिसत नाही. त्या म्हणाल्या, मलाही नाही. मी म्हटलं, मग कशी आहे शिवण? तर म्हणाल्या, दिसलीच नाही तर कशी सांगू.

ती ओळ त्यांनी लिहिली नाही. परीक्षक आले. परीक्षक म्हणजे हे, आज आपले प्रमुख पाहुणे. तेव्हा केस काळेभोर होते आणि आवाज असा, की यंत्रशाळेतले लोक काम थांबवत. खोलीत शिरल्या शिरल्या पडद्याला हात लावून म्हणाले, हा कुणी शिवला? ‘पडदेवाले सर’ हे नाव तेव्हाच पडलं. मी दाराबाहेर उभा होतो. म्हटलं मी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं माझंही निळं काहीतरी विझणार.

मॅडमनी दोन नळ्या तयार ठेवल्या होत्या. एक घट्ट झाकणाच्या काळ्या डब्यात आणि दुसरी उघडी, फक्त पडद्याच्या भरवशावर. दोन्ही सारख्याच फिक्या झालेल्या निघाल्या. सरांनी पुन्हा मोजायला लावलं, तरी सारख्याच. सर कडक होते पण सच्चे. त्यांनी पदवी दिली. मात्र जाताना म्हणाले, हे काही आठवड्यांपुरतं सिद्ध झालं, बाई. तुमचं म्हणणं वर्षानुवर्षांचं आहे. ते वर्षंच ठरवतील.

मॅडम म्हणाल्या, ठरवू द्या. त्यांनी एक ताजी निळी नळी घेतली आणि सांगितलं की ही मी माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी बघीन, तोपर्यंत कुणी बघायची नाही. आणि हेही सांगितलं, की त्या दिवशी हिच्यात निळा निम्म्याच्या जरा खाली उरलेला असेल. मार्गदर्शक म्हणाले, निदान डब्यात तरी ठेव. त्यावर त्या म्हणाल्या, “डबा लावला तर पडदा गळतो असं मीच मान्य केल्यासारखं होईल. पडद्यावरच ठेवते.”

मी दाराबाहेर हे ऐकलं. कोट शिवून दिल्यावर लोकांनी मला पेढे दिलेत, बक्षिसं दिलीत, पाठ थोपटलीय. पण माझ्या शिवणीवर आपलं अख्खं आयुष्य कुणी टांगलं नव्हतं. घरी जाऊन आईला म्हटलं, मुलगी बघितली आहे. आई म्हणाली, करते काय? म्हटलं, अंधारात बसून निळा रंग फिका कसा होतो ते बघते. आई म्हणाली, आणि त्याचा पगार देतात?

पुढची तीसेक वर्षं तुम्हाला माहीतच आहेत. थर्मासातलं नायट्रोजन सारखं उडून जातं, म्हणून ते रोज भरावं लागतं. रोज म्हणजे रोज. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी ते भरलंय. दाराशी उभं राहून ‘पडदा’ असं ओरडायचं, आतून ‘या’ आलं तरच शिरायचं, आणि अंधारात आवाजावर भरायचं. आधी चरचर ऐकू येते, मग ती शांत होत जाते, आणि शांत झाली की थांबायचं. सुट्टीच्या दिवशी हे काम माझ्याकडे. आमची लेक दुसऱ्या रांगेत बसली आहे, तिचा जन्म झाला त्या दिवशी तिच्या आईनं दवाखान्यातून मला पहिला प्रश्न विचारला तो मुलीचा नव्हता. मी म्हटलं, भरून आलोय, आता मुलीला बघू का? आणि ती लेक लहानपणी न्हाणीघराच्या दाराशीसुद्धा ‘पडदा’ असं ओरडायची. सासरी गेल्यावर एकदा तिथंही ओरडली, मग त्या लोकांना सगळं समजावून सांगताना माझी कोण तारांबळ झाली.

एकदा संस्थेचं नायट्रोजनचं यंत्रच बंद पडलं. दुरुस्तीचा माणूस परगावी, आणि थर्मासात कसंबसं एका दिवसाचं उरलेलं. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा माझ्यासमोर रडल्या. आवाज न करता, पडद्याला तोंड लावून. तेव्हा हे आपले पशुवैद्यक डॉक्टर धावून आले. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी त्यांच्याकडे वळूंचं बीज नायट्रोजनमध्येच ठेवतात. त्यांनी आपल्या टाकीतलं काढून दिलं. तेव्हा मॅडमच्या शोधनिबंधांत ज्या ज्या थोरांचे आभार मानलेत, त्यांत एका वळूचं नाव राहून गेलंय, ते मी आज जाहीरपणे घेतो.

पडदा धुतलेला नाही. त्याला वास येतो असं विद्यार्थी म्हणतात, आणि तो येतो. मध्यंतरी खालची कड विरली, तेव्हा मी बाहेरून आधी नवा थर लावला आणि मगच आतली कड अंधारात बोटांनी चाचपत टाचली. सुई तीनदा बोटात गेली. बाहेर आल्यावर हिनं बोटाला पट्टी बांधली आणि विचारलं, टाके एका रेषेत तर नाही ना आले? शिवणीबद्दल बरा-वाईट शब्द नाही. मी ह्यांचे सगळे कपडे शिवले, आज अंगावर आहे तो कोटही मीच शिवलाय. प्रत्येक कपडा घालण्याआधी दिव्यासमोर धरून बघतात आणि गप्प बसतात. माझ्या दुकानात दूरदूरहून लोक येतात हो. घरात मात्र आमची किंमत नाही.

आता सकाळचं सांगतो.

सर काठी टेकत आले. मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्या कोटाचं एकच बटण लावत-काढत होत्या, हे मी एकट्यानंच बघितलं, आणि आता ते सांगितल्याबद्दल घरी ऐकून घेईन. इतक्या वर्षांचं म्हणणं, इतक्या विद्यार्थ्यांना शिकवलेलं, ते सगळं त्या नळीत होतं. आत शिरण्याआधी मी सवयीनं ‘पडदा’ म्हटलं. आत कुणीच नव्हतं. सरच माझ्यामागून म्हणाले, या.

आधी यंत्रानं मोजायचं होतं. अगदी मंद उजेडाची बारीक तिरीप, क्षणभरासाठी. यंत्र बाहेरच्या खोलीत आकडा दाखवतं, म्हणून सर बाहेर थांबले आणि आम्ही आत. मला वाटलं मोजणी चुकली की काय, कारण बाहेरून नुसता कागद चाळल्याचा आवाज येत होता. मग पडद्यापलीकडून सरांचा तो जुना आवाज आला, थोडा चिरकलेला. “निम्म्याच्या जरा खाली, बाई. तुम्ही म्हणाला होतात तेवढंच.”

थांबा, टाळ्या जरा थांबवा, अजून संपलेलं नाही. टाळ्या त्यांच्याच आहेत, मी फक्त पोचवतोय.

मग सर आत आले. मॅडमनी टॉर्च घेतला आणि मला म्हणाल्या, बघायचंय? इतकी वर्षं भरलंत, एकदाही बघितलं नाहीत. खरंच बघितलं नव्हतं. ज्या रंगासाठी पडदा शिवला तो मी कधी पाहिलाच नव्हता, कारण बघणं म्हणजे खर्च. त्यांनी टॉर्च लावला, जेमतेम श्वासभर. मंडळी, माझ्या दुकानात निळ्या रिळांचा एक अख्खा खण आहे. त्यात तो निळा नाही. आता कुणी तसा धागा मागितला तर मी हात जोडीन.

टॉर्च विझला. सरांचा नाक ओढल्याचा आवाज आला. माफ करा सर, सर्दी असेल. मी म्हटलं, अजून एकदा लावा ना. मॅडम म्हणाल्या, नाही, उरलाय तो पुढच्यांसाठी. तेव्हा नव्या विभागप्रमुखांना माझी नम्र विनंती, नळी अजून तिथेच आहे, पडदाही आहे, उद्याचं नायट्रोजन तेवढं भरायला कुणाला तरी सांगा. सुट्टीच्या दिवशी मी आहेच.

समारंभ इतका देखणा केलात त्याबद्दल संयोजकांचे, आपला जुना हट्ट आज स्वतःच्या तोंडानं सोडणाऱ्या प्रमुख पाहुण्यांचे, आणि पाचाची वीस मिनिटं होऊनही घंटी न वाजवणाऱ्या अध्यक्षांचे मी मनापासून आभार मानतो. विज्ञान सांगताना जे तिरपं कापलं गेलं असेल ते तुम्ही जाणकारांनी सरळ करून घ्यावं, आणि बोलण्यात कुणाला सुई टोचली असेल तर शिंप्याचा हात म्हणून सोडून द्यावं.

आणि एक राहिलं. सर काठी टेकत बाहेर गेले, खोलीत आम्ही दोघंच उरलो. पूर्ण काळोख. मी थर्मास आवाजावर भरत होतो. चरचर शांत झाली तेव्हा माझ्या शेजारून, अंधारातून, आवाज आला.

“शिवण चांगली आहे.”

धन्यवाद.